तलावाच्या पारीवरची दौड

करडी, ता. मोहाडी
९ नोव्हेंबर

प्रिय सुगतदादा,

खुशबूचा सप्रेम जयभीम. आई-बाबा आणि मी बरे आहोत. तुझ्या चौकीवर बर्फ पडायला लागला असेल. अंग सांभाळून राहा, आईनं पाठवलेले मोजे पेटीत ठेवू नको, पायात घाल.

तुला वाटेल, फोन असताना हिनं कागद काहून काढला? तुझा फोन आला की आई तो स्पीकरवर ठेवते. बाबा खाटेवर बसून ऐकतात, शेजारची चंद्रभागाबाई "फौजी काय म्हणते?" करत येऊन बसते आणि माझी पाळी येईपर्यंत नेटवर्क जातं. कागदावर निदान मला एकटीला बोलता येतं.

धानाची कापणी झाली. भारे वावरातच रचून ठेवले आहेत, मळणी पुढच्या आठवड्यात. पंप चांगला चालतो आहे. जीवननं बसवला होता तसाच, एकदाही बंद पडला नाही.

तुझ्यासाठी आसगावकडून स्थळ आलं होतं. मुलीच्या मामानं घरात पाऊल टाकलं आणि विचारलं, "पोरगा फौजेत आहे ना?" बाबा "हाव" म्हणाले. झालं! तुझी तब्येत कशी, स्वभाव कसा, काही विचारलं नाही. मुलगी एम. एस्सी. आहे म्हणे. मामा चहा पिऊन खुशीत गेले.

माझी भरतीची प्रॅक्टिस चालू आहे. रिटायर होऊन आलेले हवालदार कैलाशमामा रोज फटफटताना आम्हाला तलावाच्या पारीवर, त्या मातीच्या बांधावर, उभं करतात आणि दौडीआधी फौजेसारखी गिनती घेतात. मुलगी मी एकटीच, म्हणून रांगेत शेवटी असते. परवा पाण्यावरून इतकं धुकं चढलं होतं की मामाही मला दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता. पोरांनी आपापले आकडे म्हटले. मी माझा म्हटला. आणि माझ्यापलीकडून, हातभर अंतरावरून, कुणीतरी पुढचा आकडा म्हटला. नीट, छाती काढून म्हणतात तसा.

"कोण आहे बे तो? मस्करी करून राहिला का?" मामा ओरडले आणि टॉर्च घेऊन माझ्यापलीकडे गेले. तिथं ओलं गवत होतं आणि खाली पाणी. मामा परत आले. त्यांनी गिनती पुन्हा घेतली नाही. "आज दौड नाही. घरी जा सारे," एवढंच म्हणाले.

पोरं म्हणतात, जीवनचा आवाज होता. मला नक्की सांगता येणार नाही. धुक्यात आवाज बदलतो. तुझा जिवलग दोस्त होता तो, म्हणून तुला कळवते, दुसरं काही नाही. त्याच्या मातीलाही तुला येता आलं नाही.

बाबांच्या कानावर गेलंच. ते चिडले. "आपल्या घरात भूत-खेत कवा होतं का? ते सारं सोडलं म्हणून तं माणसं झालो आपण." मला पटलं. पोरं मात्र आता शाळेच्या मैदानावर धावतात. मी अजून पारीवरच जाते. मैदानावर गोल गोल फिरून मला चक्कर येते, म्हणून.

बाकी ठीक. उत्तर पाठव.

तुझी बहीण,
खुशबू


करडी
२० नोव्हेंबर

प्रिय दादा,

जयभीम. तुझा मेसेज पोचला. "भीती वाटत असेल तर मैदानावर धाव, पण यंदाची भरती सोडू नको. पक्की नोकरी ती पक्की नोकरी."

दादा, मला चक्कर येत नाही. आणि आवाज जीवनचाच होता. तो ओळखायला मला एक आकडा पुष्कळ झाला.

तुला किती माहीत आहे, मला माहीत नाही. म्हणून सगळंच लिहिते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर जीवन त्याच्या आईला, रुखमाकाकूला, घेऊन आपल्या घरी आला होता. माझ्यासाठी. नवा शर्ट घातला होता, त्याची घडीही मोडली नव्हती. सोलर पंप बसवणाऱ्या कंपनीत तो तेव्हा अख्ख्या तालुक्याचं काम पाहायचा. मोहाडीत खोली घेण्याचं आमचं ठरलं होतं. खिडकीतून बाजार दिसेल अशी खोली हवी, असं मी म्हटलं होतं. तो म्हणाला होता, तुला बाजार पाहिजे, मला झोप पाहिजे, दोन खोल्या घेऊ.

बाबांनी त्याला आदरानं बसवलं. चहा झाला. मग म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा आहे, रुखमाबाई. पन प्रायव्हेट आहे. आज आहे, उद्या गेटले कुलूप. मी पाह्यलं आहे ते कुलूप. सरकारीत लागू द्या याले. मी सोता पोरगी घेऊन येतो तुमच्या घरी."

जीवन "बरं काका" म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं.

बाबांचंही खोटं नव्हतं. बाबा कामाला होते तो कारखाना एका रात्रीत बंद झाला आणि ते डबा हातात घेऊन गेटापुढं दुपारपर्यंत उभे राहिले, हे आईनं आपल्याला किती वेळा सांगितलं आहे. त्यानंतर आईनं लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी करून आपल्याला वाढवलं. तुझी फौजेची निवड झाली तेव्हा बाबा पहिल्यांदा सरपंचाच्या अंगणात खुर्ची ओढून बसले. कुणी "ऊठ" म्हटलं नाही. एवढी ताकद असते सरकारी नोकरीत, हे मलाही कळतं. फक्त जीवनची ताकद कशात होती, ते त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी तुला फोन करून विचारलं होतं. तू म्हणालास, "बाबा म्हणतात ते बरोबर आहे." स्पीकर चालू होता, दादा. तुझ्यावर राग नाही, असं लिहिणार होते. थोडा आहे.

फौजेचं वय गेलं होतं, म्हणून त्यानं पोलीस भरती धरली. कंपनी सोडली. रोज पारीवर माझ्यामागं धावायचा, कारण पुढं धावला तर मी ढिली पडते. डाव्या बुटाचा तळवा सुटलेला होता. तो चिकटवायचा, तो पुन्हा सुटायचा. चप्, चप्, असा आवाज यायचा. मी हसून वळले की ओरडायचा, "मागं पाहू नोको! मागं पाह्यलं का पाय तुटते!"

भरतीच्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता. कुणाला बोलला नाही. रुखमाकाकूनं निघताना त्याच्या कपाळाला हात लावला तेव्हा तिला कळलं, आणि त्यानं तो हात बाजूला केला. शेवटच्या फेरीत, रेषा समोर दिसत असताना, तो पडला. दवाखान्यात पोचेपर्यंत गेला होता. मैदानावरचे लोक भले होते, त्यांनी धावपळ केली. दोष द्यायला कुणाचं नाव घ्यावं असं काही नाही. हेच मला सहन होत नाही.

आता तुला कळलं असेल, मी पारीवर काहून जाते.

मी धावायला लागले की थोड्या वेळानं मागून येतो तो आवाज. चप्, चप्. मी वेग वाढवला की तोही वाढवतो. मी थांबले की तोही थांबतो आणि मग नुसता दम लागलेला ऐकू येतो. पाणी सोडायच्या गेटापाशी पार संपते, तिथून आम्ही परत फिरतो. मी मागं पाहत नाही. त्यानंच सांगितलं होतं. पहिले काही दिवस मला भीती वाटली नाही. खरं सांगू, मी खुश होते. घरी येऊन पोटभर जेवायचे. कैलाशमामानं एकदा दुरून माझी दौड पाहिली आणि म्हणाले, "अशी धावली तं पोरायलेही मागं टाकशीन. पन पोरी, तू कोणापासून पळून राहिली?"

मी वाकून बुटाची नाडी बांधली.

पण दादा, आता अंतर कमी व्हायला लागलं आहे. आधी तो चार-पाच पावलं मागं असायचा. या आठवड्यात त्याचा श्वास माझ्या मानेवर लागतो. एवढ्या थंडीत तो गरम आहे. तापातल्या माणसाचा असतो तसा. आणि तो काहीतरी विचारतो आहे, असं मला वाटतं. शब्द नाहीत, पण विचारणाऱ्या माणसाचा श्वास वेगळा असतो.

काल बाबा माझ्यामागून आले. मला माहीत नव्हतं. ते पारीखालच्या पुलियाच्या कठड्यावर बसून राहिले. मी त्यांच्यासमोरून गेले, मग माझ्यामागून जे जायचं ते गेलं. बाबांनी काय पाहिलं ते सांगत नाहीत. घरी आले, पाय धुतले आणि ताटावर बसून तसेच उठले. आईला एवढंच म्हणाले, "पोट्टा अजून धावूनच राहिला."

दादा, हे बाबा म्हणाले. आपले बाबा.

हे पत्र कुणाला दाखवू नको.

खुशबू


करडी
४ डिसेंबर

प्रिय दादा,

जयभीम. तुझा फोन येऊन गेला, मी मुद्दाम घेतला नाही. आई "सारं बरं आहे" म्हणाली ना? आता बरं आहे. पण काय झालं ते तुला कळायला हवं.

बाबांनी मला पारीवर जायची बंदी केली आणि स्वतः जायला लागले. पुलियावर घोंगडी घेऊन बसायचे. मी विचारलं, "बाबा, तुम्ही तर मानत नाही ना?" ते म्हणाले, "मी काईच मानत नाही. पन त्याले शब्द मी देल्ला होता. तो धावते तं माह्याच शब्दासाठी धावते. कोनीतरी त्याले सांगाले पाहिजे ना, बस झालं म्हनून."

हे कसं कोण जाणे, रुखमाकाकूला कळलं. ती आली, पण घरात आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. जीवन गेल्यावर ती आपल्या घरी आली नव्हती. किती वाळली आहे! तिचा आवाज मात्र शांत होता.

"हिरालालभाऊ," ती म्हणाली, "त्याले आवाज देऊ नोका. देल्ला तं तो येते. लहानपनापासून तसाच आहे, बोलावलं का येते."

बाबा म्हणाले, "आला तं येऊ दे, बाई. त्याचा हक आहे."

"हक तं माहाही होता," ती म्हणाली. "मी रोज दार उघडं ठेवून झोपतो. माह्या घरी एक डाव नाही आला. तुमच्या 'हो'साठी धावून राहिला तो, माह्यासाठी नाही."

आईनं तिला हाताला धरून आत आणायचा प्रयत्न केला. ती हात सोडवून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा निघाले तेव्हा मी त्यांच्यासोबत गेले. त्यांनी अडवलं नाही. धुकं नेहमीसारखंच होतं. मी धावले नाही, बाबांच्या बाजूला उभी राहिले. मला वाटलं, मी धावले नाही तर तो येणार नाही. पण गेटाच्या बाजूनं आवाज आला. चप्, चप्. जवळ आला. बाबा पारीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. आयुष्यात मी त्यांना कुणा माणसापुढं असे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"जीवन," ते म्हणाले, "थांब बापू. झाली तुही दौड. पास झाला तू. मले नोकरी नाही पाह्यजे. ये, घरी ये."

आवाज थांबला. पारीच्या मध्येच थांबला. श्वाससुद्धा थांबला. आम्ही घरी परतलो, मागं काहीच ऐकू आलं नाही. बाबांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं. ते त्या दिवशी जेवले. मला मात्र दिवसभर रुखमाकाकूचं बोलणं आठवत होतं.

पुढच्या पहाटे तो आला.

आई चूल पेटवत होती. गल्लीच्या टोकाला आवाज सुरू झाला. धावण्याचा नव्हता, चालण्याचा होता. नव्या घरी पाहुणा येतो तसा, घर कोणतं ते पाहत पाहत. कुत्री भुंकली नाहीत. चंद्रभागाबाईचा कोंबडा आरवत होता, तो मध्येच गप झाला. आवाज आपल्या अंगणात आला आणि दारापुढं थांबला. मग तो दम लागलेला श्वास. आईच्या हातातली काडी तशीच जळत राहिली, तिनं बोट भाजून घेतलं तरी टाकली नाही.

बाबा उठले. कडीपर्यंत गेले. त्यांचा हात कडीवर होता, पण ती त्यांच्याकडून उघडेना. ज्यानं बोलावलं होतं त्याला दार उघडता येत नव्हतं, दादा. ते वळून माझ्याकडं पाहायला लागले. एवढे म्हातारे ते मला कधी दिसले नव्हते.

मी त्यांना बाजूला बसवलं आणि दार उघडलं.

आधी धग लागली. भट्टीचं तोंड उघडल्यासारखी. मग मी पाहिलं. इतके दिवस मागं पाहिलं नव्हतं, पण तो आता समोर होता. काय दिसलं ते मी लिहिणार नाही. तुझा दोस्त होता, तू त्याला जसा पाहिलास तसाच तुझ्याजवळ राहू दे. एवढंच सांगते की त्यानं नवा शर्ट घातला होता.

मला वाटलं होतं मी रडेन, किंवा त्याच्यासोबत जाईन. जावंसं वाटलं. एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलंही होतं. मागून आई हळूच म्हणाली, "खुशबू." हाक मारली नाही, नुसतं नाव घेतलं. तेवढ्यानं मी थांबले.

मी म्हटलं, "जीवन, बाबा हो म्हणाले. तू ऐकलंस. मीही हो म्हटलं होतं, तू कंपनीत होतास तेव्हाच. आता धावायचं काही उरलं नाही. पण मला तुझ्यासोबत येता येत नाही. तुझ्या आईनं दार उघडं ठेवलं आहे. तिच्याकडं जा. तुझ्या अंगात ताप आहे."

तो किती वेळ उभा होता, सांगता येणार नाही. मग धग कमी झाली. पावलं वळली आणि रुखमाकाकूच्या गल्लीकडं गेली. सावकाश. थकलेला माणूस घरी जातो तशी.

त्या दिवशी रुखमाकाकूचं दार आतून लावलेलं होतं. लोकांनी हाका मारल्या, मग मला बोलावलं. मी "काकू" म्हटल्यावर तिनं फट उघडली. आतून पेजेचा वास येत होता. तिचे डोळे चमकत होते. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोल. आत्ताच झोप लागली त्याले. ताप उतरून राहिला." आणि दार पुन्हा लावून घेतलं.

गाव म्हणतं, रुखमाचं डोकं फिरलं. ती बाजारात येते, हसून बोलते, दोन माणसांचा भाजीपाला नेते. पण आम्हाला मोकळं करायला मी तिच्या घरात काय पाठवलं, ते मलाच माहीत नाही. तिला जाऊन तसं सांगितलंही. ती माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तू बरी पोरगी आहे. धाडलं ना माहं लेकरू."

तलावाची पार आता शांत आहे. पोरं परत तिथं धावायला लागली. गिनती जेवढी हवी तेवढीच भरते, असं कैलाशमामा म्हणतात. मी भरतीचा अर्ज भरला नाही. जीवन ज्या कंपनीत होता तिथंच लागले आहे, पंपांच्या तक्रारी पाहायला. आज गाडीवर तीन गावं फिरून आले, एका म्हातारीचा बंद पंप सुरू झाला तेव्हा तिनं मला पाण्याखाली हात धरायला लावला. बाबांनी संध्याकाळी विचारलं, "पक्की आहे का नोकरी?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी माझ्या हातावरचा चिखल पाहिला. मग म्हणाले, "सुगत तिथी खुश आहे का, हे मी त्याले कवाच नाही विचारलं."

ते तुला विचारतील. दादा, त्या वेळी खरं सांग. गेल्या सुट्टीत तू झोपेतून दचकून उठायचास, ते मी पाहिलं आहे. फौज सोड, असं म्हणत नाही. खुश असशील तर तेही सांग. पण "सारं ठीक" म्हणू नको. त्या शब्दानं आपल्या घरात फार नुकसान झालं.

सुट्टी मंजूर झाली, असं आई म्हणाली. ये. वाट पाहतो आहोत. फक्त माझं एवढं ऐक. पहाटेच्या गाडीनं येऊ नको, मोहाडीला उतरून ऊन चढू दे. गल्लीच्या टोकाशी बूट काढून हातात घे. आणि दारापर्यंत गुपचूप येऊन आम्हाला चकित करायची तुझी सवय आहे, ती या वेळी नको. दुरूनच मोठ्यानं हाक मार, बाबांना, आईला, हसत. म्हणजे जिवंत माणूस येतो आहे हे आम्हाला कळेल, आणि दार बाबा स्वतः उघडतील.

तुझी,
खुशबू